भाकरी कुणी थापली ते आधी बघा : वाचकांचे प्रश्न, खवय्याची उत्तरं

मागच्या अंकात नुसतं विचारलं होतं की सोलापुरात बाहेर जेवायचं तर तुम्ही कुठं जाता, तर पत्रं आली ती आली, निम्म्या पत्रांत प्रश्न कमी आणि भांडण जास्त. असू दे. या सदराचा एक नियम परत सांगतो, हॉटेलचं नाव छापत नाही, भाग सांगतो. पुढं कुणालाही विचारा. सोलापुरात पत्ता विचारला की माणूस अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला येतो आणि वर 'तिथं कशाला जायलाव बे, त्यापेक्षा इथं जावा' म्हणून दुसरंच हॉटेल सांगतो, ते बहुतेक वेळा जास्त चांगलं निघतं.

पुण्याचे चार मित्र शुक्रवारी संध्याकाळच्या वंदे भारतनं येणार आहेत, रात्री साडेदहा-पावणेअकराला उतरतील. त्यांना 'अस्सल सोलापुरी' खायचंय. स्टेशनवरून सरळ कुठं नेऊ?
— एक वाचक, विजापूर रोड

सरळ घरी न्या आणि झोपवा. खरंच सांगतो. त्या वेळेला जे उघडं सापडतं ते हायवेचे ढाबे, आणि तिथं मिळतं ते काजू मसाला, तंदूर रोटी, ते पुण्यातही मिळतं. रात्री अकराला खानावळीतली भाकरी थापणारी मावशी कधीच घरी गेलेली असते, मग तुमच्या पानात येते ती संध्याकाळची, गॅसवर धरून परत गरम केलेली, ती खाऊन पुणेकर म्हणणार 'आमच्याकडं बरी मिळते' आणि तुम्हाला उगाच राग येणार. त्यापेक्षा गाडीतच जेवून घ्या म्हणावं.

शनिवारी मात्र सकाळी लवकर उठवा. पूर्व भागात, अशोक चौकाकडं, इडलीच्या गाड्या लागतात, तिथं उभं राहून खायचं. शेजारी चार माणसं तेलुगूत बोलत असतात, गाडीवाला हिशोब मराठीत सांगतो, मधेच कुणाला तरी कन्नडमध्ये हाक मारतो, पुणेकरांना हे बघूनच निम्मं पोट भरतं. दुपारी एकच्या आत खानावळ गाठा, दीडनंतर भाजी राहत नाही, राहिली तर पातळ केलेली असते. लिंगायत पद्धतीची शाकाहारी खानावळ बघा. भरलं वांगं, ज्याला कानडी माणूस येण्णेगाई म्हणतो, डाळ घातलेली पालेभाजी, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, वर दही. ताट साधं दिसतं पण उठताना पट्टा सैल करावा लागतो. संध्याकाळी पार्क चौपाटीवर सोडा त्यांना, तिथं काय खायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी तिथल्या पावभाजीवर एकदा मत दिलं होतं तर सख्खा मेव्हणा दोन महिने बोलत नव्हता. रात्री मटण. त्याचं खाली एका प्रश्नात आलंय.

आणि मित्र डिसेंबर-जानेवारीत येत असतील तर हॉटेल वगैरे सगळं सोडा, कुणाच्या तरी शेतात हुरड्याला न्या.

आमच्या सूनबाई पुण्याच्या. इथून ज्वारीचं पीठ पाठवलं तरी त्यांची भाकरी तव्यावर टाकताना तुटते. त्या म्हणतात खानावळीतल्या बायका पिठात मैदा मिसळत असणार. खरं का हो?
— एक सासूबाई, जुळे सोलापूर

नाही हो. मैदा घातला तर भाकरी वातड होईल, सोलापूरचं गिऱ्हाईक पहिल्याच घासाला ओळखेल. तुमच्या सूनबाईंचा हात वाईट नाही, पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवायची ताकद, गेलेली आहे. गव्हात जो चिकटपणा असतो तो ज्वारीत नसतोच, जे काय धरून ठेवायचं ते ताज्या पिठानं आणि गरम पाण्यानं. तुम्ही पीठ दळून पाठवता, ते पुण्यात डब्यात पडून राहतं, मग ती कितीही मळली तरी तुटणारच. ज्वारी पाठवा, पीठ नको. तिथं गिरणीत थोडी थोडी दळून घ्यायची. आणि तरीही तुटायला लागली तर उकळतं पाणी पिठात ओतून थोडा वेळ झाकून ठेवायचं, मग मळायचं.

मी एकदा बाळीवेशीकडं एका खानावळीत मुद्दाम चुलीसमोरचं टेबल धरून बसलो होतो. मावशी पन्नाशीच्या, तोंडानं मोठ्या आवाजात कुणाशी तरी भांडण चालू आणि हात आपले चाललेले. एका भाकरीचंच पीठ घ्यायचं, तळहाताच्या टाचेनं दोन-चारदा रगडायचं, परातीत कोरडं पीठ भुरभुरवून गोळा ठेवायचा, आणि मग थाप थाप करत भाकरी आपोआप गोल फिरायला लागते. डाव्या हाताची बोटं नुसती काठाला लागून असतात, काठ फाटू देत नाहीत. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, सुकलं तर भेगा पडतात. मग तवा सरकवून सरळ जाळावर. टम्म. मी विचारलं मावशी दिवसाला किती होतात, तर म्हणाल्या, 'मोजलं की हात दुखतात.'

ज्वारीसुद्धा बघून घ्या, मालदांडी मागा. रब्बीची असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, उन्हाळा लागता लागता निघते. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. खानावळीत विचारा, ज्वारी कुठली. मालकाला सांगता आलं तर बसा, 'दुकानातली' म्हणाला तरी बसा, पण मग वांग्यावर जास्त आशा ठेवू नका.

एवढं खाण्याचं लिहिता, पण जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या नव्या फॅमिली रेस्टॉरंटांबद्दल एक अक्षर नाही. आम्ही काय माणसं नाही का?
— एक नाराज वाचक

माणसंच आहात, म्हणून तर पनीर खायची वेळ आलीय. गंमत केली. एसी आहे, पार्किंग आहे, लेकरांना पळायला जागा आहे, वाढदिवसाला चौदा जण एका टेबलावर बसतात, हे खानावळीत होत नाही, मान्य. पण बारा पानांचं मेनूकार्ड बघून फसू नका. आत तीन पातेली असतात, लाल, पांढरं आणि हिरवं, पनीर तेच, फक्त कापायचा आकार बदलतो आणि नाव बदलतं. मागच्या महिन्यात आम्ही एका ठिकाणी पनीरच्या तीन वेगवेगळ्या भाज्या मागवल्या, तिन्ही वाट्या शेजारी ठेवून डोळे मिटून खाल्ल्या, घरातल्या कुणालाही कुठली कुठली ते ओळखता आलं नाही, आणि बिल मात्र तीन वेगळ्या दरांनी. त्यामुळं अशा ठिकाणी मी सरळ विचारतो, तुमच्या स्टाफला आज जेवायला काय केलंय. एकदा वेटर लाजत लाजत म्हणाला, शेपू आणि भाकरी. तीच मागवली. दिली की त्यांनी, आणि पैसे घ्यायला तयार होईनात.

बिलात आधी दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्याच्यावर जीएसटी. द्यायचं का? शिवाय पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले.
— एक वाचक, सात रस्ता

सर्व्हिस चार्ज द्यायलाच पाहिजे असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा शांतपणे 'हा काढून द्या' म्हणायचं, आवाज चढवायचा नाही, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. जीएसटी द्यावा लागतो, साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के, एसी असो नाहीतर नसो, हे नोव्हेंबर 2017 पासून आहे. महागडी खोली भाड्यानं देणारं मोठं हॉटेल असेल तर तिथं 18. पण एक बारीक गोष्ट, काही छोटे हॉटेलवाले कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही आणि तसं बिलावर लिहावं लागतं. ती ओळ आहे आणि खाली टॅक्सही लावलाय, असं दिसलं तर बोट ठेवून दाखवा.

पाण्याचं मात्र तुमचं दुर्दैव. बसून खायच्या ठिकाणी बाटलीला छापीलपेक्षा जास्त घेतले तरी चालतं, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये तसं म्हटलंय, कारण तिथं नुसती बाटली विकत नाहीत, बसायला जागा, ग्लास, वाढणं सगळं आलं. मी जगमधलं साधं पाणी मागतो. खानावळीत हा प्रश्नच येत नाही, तिथं मालक बोटांवर हिशोब करतो आणि बहुतेक वेळा एखादी भाकरी धरायची विसरतो.

खरं सोलापुरी मटण कुठलं? काळं, सावजी की विजापूर वेशीतलं?
— तीन मित्र, पैज लागलीय

तिघंही जिंकलात, एकमेकांना जेवण द्या.

नुसतं एवढंच लिहिलं तर संपादक ओरडतील म्हणून सांगतो. काळ्या रश्श्याचं मटण ते गावाकडचं, कांदा-खोबरं करपायच्या जरा अलीकडं भाजून वाटलेलं, ज्वारीच्या भाकरीबरोबर कुस्करून खायचं. सावजी खानावळी आपल्याकडं सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या, हे मूळचे रेशमाचं काम करणारे. नागपूरच्या सावजीशी नाव जुळतं पण ते कोष्टी लोकांचं, चव वेगळी, म्हणजे दोन्हीकडं विणकरच निघाले, मागावर बसून बसून तिखट खावंसं वाटत असेल काय की. आणि विजापूर वेशीत दालचा-खाना. 'खाना' म्हणजे इथं भात, खडा मसाला घालून केलेला, आणि दालचा म्हणजे डाळीत मटण, दुधी आणि चिंच. बिर्याणीच्या नादात लोक हा सोडून देतात, मला त्याचं वाईट वाटतं. दालच्यात चिंच कमी पडली की नुसतं वरण होतं, जास्त झाली की दात आंबतात, बरोबर जमलेला दालचा मी बोटं चाटत खाल्लाय आणि त्याच हातानं गाडीचं हँडल धरून घरी गेलोय, बायकोनं दुसऱ्या दिवशी हँडलला वास येतो म्हणून विचारलं. रमजानमध्ये संध्याकाळी त्या वेशीत जावा, शिक भाजायच्या धुरात समोरचा माणूस दिसत नाही.

सोमवारी मात्र कुठंच नको. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचा वार, निम्मं सोलापूर त्या दिवशी मटण खात नाही, मग आदल्या दिवशीचं उरलेलं समोर येण्याची शक्यता जास्त.

मी पद्मशाली आहे, पूर्व भागात वाढले, आता मुंबईत. आमच्या घरचं तेलुगू जेवण सोलापूरच्या हॉटेलात का मिळत नाही?
— एक वाचक, मूळच्या दत्तनगरच्या

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला वाटतं कारण तुमच्याच घरात आहे. तेलंगणातून लोक इथं मागावर, गिरणीत कामाला आले, बायका विड्या वळायच्या, घरात शिजवलं ते डब्यात गेलं, विकायला कुणाला वेळ होता. मग इडली-डोसा तेवढा गाडीवर आला, कारण तो सगळ्यांना चालतो. संक्रांतीला सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चकल्या, शेजारच्यांकडून डबा भरून येतात, हॉटेलात कुठं असतात? पण एक भाजी मात्र सगळीकडं सापडेल तुम्हाला. तुम्ही पुंटीकूर म्हणता, कानडी खानावळीत तीच पुंडीपल्ल्या, आमच्या घरी अंबाडी. पाला तोच, आंबटपणा तोच, कुणी लसणाची फोडणी जास्त देतं, कुणी कण्या घालतं, कुणी डाळ. पुढच्या वेळी याल तेव्हा एकाच दिवशी तिन्ही खाऊन बघा आणि कळवा, मी तरी अजून अंबाडीवरच अडलोय, ती आईच्या हातची होती.

शेंगाचटणी घरी मिक्सरमध्ये केली तर हॉटेलसारखी का होत नाही?
— एक विद्यार्थी, पुणे

मिक्सरचं पातं कापतं, उखळ दाबतं. शेंगदाणे मंद भाजून, सालं काढून, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटत राहायचं, दाण्याला तेल सुटलं पाहिजे, मुठीत दाबली की गोळा व्हायला पाहिजे. मिक्सरमध्ये एक तर कूट राहतो नाहीतर पुढच्या सेकंदाला लगदा. उखळ नसेल तर खलबत्ता घे, तोही नसेल तर थांबून थांबून फिरव, आणि इतकं सगळं करायचं नसेल तर नवी पेठेतून अर्धा किलो विकत ने, त्याबरोबर कडक भाकऱ्या पण घे, हवा लागू दिली नाहीस तर खूप दिवस टिकतात. होस्टेलवर मात्र डबा उघडताना दार लावून घे, आमच्या वेळी अर्धा किलो एका रात्रीत गेली होती आणि सकाळी नुसता लसणाचा वास राहिला होता.