इंग्रजीच्या भावी शिक्षकांना तंत्रज्ञान कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय, इंग्रजीचे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या अभ्यासक्रमात कोणती ॲप्स घ्यावीत. मी याच विद्यार्थ्यांना शिकवते. माझं ठाम मत आहे, ॲप्सच्या यादीपासून सुरुवात करू नका. आज शिकवलेलं ॲप ते नोकरीला लागेपर्यंत बंद पडलेलं असू शकतं.

सुरुवात भाषेतल्या अडचणीपासून करा. समजा, 'अबाउट' नको असताना मुलं 'डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम' लिहितात. ही चूक कशी समजावशील असं विचारलं, की भावी शिक्षक नियम सांगून मोकळे होतात. मग त्यांना 'कोका' उघडून द्या. हा अमेरिकन इंग्रजीतल्या खऱ्याखुऱ्या मजकुराचा, एक अब्जाहून जास्त शब्दांचा ऑनलाइन संग्रह आहे. 'डिस्कस' शोधलं की लोकांनी खरोखर वापरलेली वाक्यं ओळींनी समोर येतात आणि त्या शब्दापुढे बहुतेक ठिकाणी थेट कर्म दिसतं: द इश्यू, द प्लॅन. 'डिस्कशन' शोधलं तर मात्र 'अबाउट' सापडतं. हा फरक मुलांनी स्वतः हुडकायचा. त्यांना झेपतील अशा आठ-दहा ओळी निवडणं हे शिक्षकाचं खरं काम, आणि त्यातच भावी शिक्षक सर्वात जास्त अडखळतात. त्या ओळी कागदावर छापून दिल्या तरी चालतं, वर्गात संगणक असायलाच हवा असं नाही.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली 'टीपॅक' ही चौकट हेच सांगते: विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांचं ज्ञान एकमेकांत मुरलेलं हवं. म्हणूनच तंत्रज्ञानाचा वेगळा पेपर मला पटत नाही. अध्यापन पद्धती शिकवणाऱ्यानेच ते आपल्या तासाला वापरून दाखवावं.

सूक्ष्म अध्यापनाचा, म्हणजे काही मिनिटांचा सरावाचा, पाठ मोबाइलवर जरूर रेकॉर्ड करा. तो बघताना एकच गोष्ट मोजायला सांगा: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबला? बरेच जण उत्तर यायच्या आत स्वतःच बोलून टाकतात. कितीही सांगा, स्वतःला पाहिल्याशिवाय ते पटत नाही.

एआयने लिहिलेला उतारा किंवा निबंधावरचा शेरा तपासायलाही द्या, एआयने केलेली दुरुस्तीच चुकीची असेल तर ती ओळखता यायलाच हवी.

मूल्यमापनासाठी एकाच घटकाची दोन पाठ टाचणं (पाठाचे लेखी आराखडे) मागा, एक तंत्रज्ञानासह, एक त्याविना. कोणतं वर्गात नेणार आणि का, ते लिहून घ्या. ऐनवेळी नेट गेलं तर पुढची पाच मिनिटं काय करणार, तेही.