नोट सुखरूप, आहेर देखणा

रोख रकमेचा आहेर घरच्या घरी सजवून कसा द्यावा, याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : भाचीच्या लग्नात 5,001 रुपये द्यायचे होते. मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला चीर पाडली आणि एकमेकींना चिकटवलेल्या नोटा त्यातून ओढून काढायच्या, असं ठरवलं. तिसऱ्या नोटेलाच माळ अडकली आणि एक नोट फाटली. आता पुतण्याच्या लग्नात पुन्हा करायचं आहे. काय चुकलं?
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : नोटेला नोट चिकटवलीत, मूळ चूक तीच. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो. चिकटपट्टी ओढली की त्याचे तंतू सोलून येतात, आणि मुंबईच्या उकाड्यात पट्टीचा डिंक मऊ होऊन नोटेवर राहतो तो वेगळाच. फाटलेली नोट मात्र टाकू नका. एकाच नोटेचे दोन्ही तुकडे असतील तर बँकेत बदलून मिळते.

या वेळी प्रत्येक नोट पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि चिकटपट्टी फक्त पिशव्यांना लावा. 500 ची नोट 150 मिमी लांब आणि 66 मिमी रुंद असते, तिला 3 बाय 7 इंचांची पिशवी बेताची बसते. याहून लांब पिशवी मिळाली तर कापून घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीची घाऊक दुकानं आहेत, तिथे अशा पिशव्या विचारा. पिशवीच्या तोंडाला डिंकाची पट्टी असेल तर ती आधी कापून टाका. पुतण्या नोट बाहेर काढताना ती नेमकी तिथेच चिकटते.

पिशव्या अकरा लागतील : दहा नोटांसाठी आणि सगळ्यात वरची शुभेच्छांच्या चिठ्ठीसाठी. आखूड बाजूला आखूड बाजू येईल अशा त्या ओळीत मांडा आणि दोन पिशव्यांमध्ये 3 मिमी फट ठेवून दोन्ही बाजूंनी रुंद सेलोटेप लावा. ही फट फार महत्त्वाची. फट न ठेवता जोडलेला सांधा ताठ राहतो, घडी नीट बसत नाही आणि झाकण उघडायच्या आधीच गठ्ठा फुगून वर येतो. पूर्ण माळ जवळजवळ 2 मीटर होते. ती गुंडाळू नका. गुंडाळी खोक्यात सैल होते, तिची कड चिरेत तिरकी शिरते आणि माळ अडकते. तुमची बहुधा अशीच अडकली असणार. जपानी पंख्यासारखी, एकदा इकडे एकदा तिकडे, अशी घडी घाला. म्हणजे वरून एकेक पिशवी सुटत येते.

खोका आतून किमान 19 सेमी लांब आणि 11 सेमी रुंद हवा. झाकणाच्या मधोमध आडवी चीर पाडा, 9 सेमी लांब आणि अर्धा सेमी रुंद. नुसती कटरची रेघ पुरत नाही. पुठ्ठ्याची कापलेली कड प्लास्टिकला धरून ठेवते, म्हणून चिरेच्या दोन्ही कडांवरून गुळगुळीत सेलोटेप दुमडून लावा. शेवटची पिशवी खोक्याच्या तळाला चिकटवा, नाहीतर जोरात ओढल्यावर सगळी माळ हातात येते. वरचा रुपया म्हणजे नाणं. माळेच्या वरच्या टोकाला ओढण्यासाठी जाड कागदी पट्टी लावा आणि नाणं तिच्यावर चिकटवा. धरायला चांगलं आणि आहेरही पूर्ण. झाकण लावल्यावर घरी दोनदा ओढून पाहा, तेही पिशव्यांत नोटांच्या मापाचे साधे कागद घालून.

प्रश्न : नवरदेवासाठी 10 रुपयांच्या कोऱ्या नोटांचा हार करायचा आहे. नोटा स्टेपल करू की दोऱ्यात ओवू?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्ही नको. नोटांचे हार करू नका, त्यांना टाचण्या लावू नका, असं आवाहन रिझर्व्ह बँक सातत्याने करते. बँकांनाही 2001 पासून नोटांच्या गड्ड्या स्टेपल करण्याची मनाई आहे. टाचणीच्या भोकापासूनच नोट पुढे फाटत जाते. त्याऐवजी झेंडूचा किंवा निशिगंधाचा हार दादरच्या फूलबाजारातून घ्या आणि त्यात 5 छोट्या खणाच्या थैल्या ओवा. आदल्या रात्री ओवू नका. फुलांचा ओलावा कापडातून आत उतरतो. नोटा थैलीत प्लास्टिकमध्येच असू द्या. हारासाठी नोटांच्या रंगीत प्रती काढायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा, तो गुन्हा आहे.

प्रश्न : मुंजीच्या भिक्षावळीत बटूला नोटेचा सदरा करून द्यायचा आहे. जमेल का?
— एक वाचिका, दहिसर

उत्तर : जमेल. नोट 100 ची किंवा 500 ची घ्या. 10 ची नोट लांबीला कमी (123 मिमी) पडते आणि सदरा बुटका होतो. आधी 15 बाय 6.6 सेमीच्या कागदावर हात बसवा, कारण नोटेवर पडलेली चुकीची घडी पुसता येत नाही.

नोट आडवी ठेवून दोन्ही लांब कडा मधल्या रेषेपर्यंत दुमडा. लांब पट्टी होईल. तिचं एक टोक 1 सेमी मागच्या बाजूला दुमडा, मग त्या टोकाचे दोन्ही कोपरे पुढून मध्याकडे आणा : ही कॉलर. दुसऱ्या टोकाशी, मधल्या फटीकडचे दोन्ही कोपरे बाहेरच्या बाजूला तिरके उलटा. ते पट्टीच्या बाहेर साधारण दीड सेमी आले पाहिजेत : या बाह्या. आता बाह्यांचं टोक वर आणून कॉलरच्या टोकांखाली सरकवा. बाह्या बारीक आल्या तर कोपरे कमी उलटले गेले आहेत. घडी बोटाने दाबा, नखाने घासू नका.

झोळीत तांदळाबरोबर लाडूही पडतात आणि तुपाचा डाग नोटेवरून जात नाही. सदरा छोट्या डबीत घालूनच झोळीत टाका.

प्रश्न : पाकिटावर लावलेलं हळदकुंकू आतल्या नोटेवर उतरलं. नोट चालेल का?
— एक वाचक, परळ

उत्तर : चालेल. पण हळदीचा रंग कापसात पक्का बसतो, त्यामुळे धुण्याच्या भानगडीत पडू नका. पुढच्या वेळी कुंकू कोरडं लावा, नोटेभोवती बटर पेपर गुंडाळा. पावसाळ्यातल्या कार्याला तर प्लास्टिकच हवं. नोटेवर नाव किंवा शुभेच्छा लिहू नका, त्यासाठी वेगळी चिठ्ठी.

प्रश्न : बारशाला 1,000 रुपये नाण्यांच्या रूपात द्यायचे आहेत. बरणी सोडून काही सुचवा.
— एक वाचिका, चेंबूर

उत्तर : बाळाचं नावच नाण्यांनी लिहा. 20 रुपयांची 50 नाणी लागतील. प्रत्येक नाणं 27 मिमीचं आणि साडेआठ ग्रॅमचं, म्हणजे वजन जवळजवळ 430 ग्रॅम. साधा पुठ्ठा वाकतो, म्हणून 5 मिमीचा सनबोर्ड (हलका, ताठ फोमचा फलक) घ्या, 42 बाय 30 सेमीचा. देवनागरीचा इथे फायदा होतो. आधी 12 नाण्यांची सरळ शिरोरेखा मांडा, ती 32 सेमी होते आणि सगळं नाव तिला लटकून सुबक दिसतं. दोन अक्षरी नाव आरामात बसतं. तीन अक्षरी असेल तर वेलांट्या आणि मात्रा रंगीत कागदाच्या करा.

नाण्यामागे दुहेरी फोम टेपचा 1 सेमीचा चौकोन लावा, अर्धा मिनिट दाबा आणि फलक रात्रभर आडवा ठेवा. लगेच उभा केला तर नाणी घसरतात. काढताना शिवणाचा दोरा नाण्यामागून करवतीसारखा फिरवायचा, उरलेला डिंक खोबरेल तेलाने निघतो. फलक पाळण्यावर टांगू नका आणि बाळाच्या हाताला लागू देऊ नका. नाणं घशात अडकू शकतं.

प्रश्न : भाऊबीजेला बहिणीला 2,001 रुपये कंदिलातून देता येतील?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : कंदिलाच्या झिरमिळ्याच नोटांच्या करा. कार्डपेपर 32 बाय 18 सेमी कापा आणि लांबीला समांतर अशी मधोमध घडी घाला. घडीकडून दर दीड सेमीवर काप द्या, पण मोकळ्या कडेपासून 2 सेमी सोडून. उघडून, 1 सेमी कड एकावर एक चिकटवून नळकांडं करा. वरून थोडं दाबलं की पोट फुगतं. खालचा घेर 31 सेमी होतो, त्यात 3 इंची 4 पिशव्या बरोब्बर मावतात. प्रत्येकीत 500 ची एक नोट.

पिशवीचं तोंड वरच ठेवा आणि तिची फक्त मागची बाजू कंदिलाला चिकटवा. म्हणजे नोट पडतही नाही आणि पुढून अलगद निघते. रुपयाचं नाणं वरच्या कागदी कडीवर लावा. आत दिवा नको, आणि ओवाळताना निरांजनापासून लांब धरा. या पिशव्या तेवढ्या उष्णतेनेही आक्रसतात.