विद्यापीठ दारात, मग एआरटी सेंटरला त्याचा काय उपयोग?

प्रश्न : सर नमस्कार, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) कौन्सेलर आहे. वर्षातून एखादं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, फाइल, पेन, जेवण, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि सोमवारी परत आलं की तीच ओपीडी नि तेच प्रश्न. अडलं तर विचारायचं कुणाला? म्हसरूळला एवढं मोठं आरोग्य विद्यापीठ आहे. आफ्रिकेत म्हणे विद्यापीठंच एचआयव्हीचे प्रोग्राम चालवतात, खरंय का? आपल्याकडे का नाही?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, खरंय. केनियातल्या एल्डोरेटचं मोई विद्यापीठ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. तिथल्या मेडिकलवाल्यांनी आणि अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठाने मिळून २००१ मध्ये एचआयव्ही उपचारांचं काम उभं केलं, ॲम्पाथ नावाने. सगळे २००१ सांगतात, पण या दोघांची जोडी १९८९ पासूनची आहे हे कुणी सांगत नाही. म्हणजे आधीची बारा वर्षं नुसतं येणं-जाणं, एकमेकांच्या वॉर्डात राउंड घेणं, पोरांना शिकवणं, आणि मग साथ अंगावर आली तेव्हा कुणाला फोन करायचा हे दोन्हीकडे पाठ होतं. पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर घेण्याचं त्यांचं काम पुढे ओपनएमआरएस म्हणून जगभर गेलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, घरात खायलाच नाही हे दिसल्यावर त्यांनी पेशंटसाठी शेती केली. विद्यापीठाने भाजी पिकवली, बोला!

आता आपलं. आपलं आरोग्य विद्यापीठ १९९८ चं, पण ते मुळात संलग्नता देणारं, वॉर्ड आणि पेशंट बहुतेक राज्यभरच्या कॉलेजांकडे. शिवाय प्रोग्राम आपल्याकडे सरकार चालवतं, १ एप्रिल २००४ पासून एआरटी फुकट आहे, आणि एड्स नियंत्रणाच्या पाचव्या टप्प्याचे (२०२१ ते २०२६) १५,४७१.९४ कोटी केंद्राच्याच तिजोरीतले होते. हे बरंच आहे हो, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा त्या पैशांवर चाललेल्या आफ्रिकेतल्या क्लिनिकांचे काय हाल झाले ते आठवा. तेव्हा विद्यापीठाने प्रोग्राम चालवावा असं मी अजिबात म्हणणार नाही. तुम्ही विचारलंत ना, अडलं तर विचारायचं कुणाला, बस तेवढं विद्यापीठाने अंगावर घ्यावं.

उदाहरण देतो. कळवणकडची एखादी गरोदर बाई धरा, टीएलडी (एचआयव्हीच्या तीन औषधांची एकच गोळी) चालू, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, हजाराच्या वर आला. आपण काय धरून चालतो? गोळ्या चुकवते. मग तीन महिने जादा कौन्सेलिंग, नवऱ्याला बोलवा, उरलेल्या गोळ्या मोजा, ती रडकुंडीला येऊन सांगतेय की नाही हो ताई, एक पण नाही चुकवली. आणि कुणीच विचारत नाही की बाई, गोळी घेतेस कशाबरोबर? ती पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) मिळालेली लोहाची नि कॅल्शियमची गोळी आणि ही, तिन्ही एकदम रात्री झोपताना पाण्याबरोबर घेतेय, विसरायला नको म्हणून! टीएलडीतलं डोल्युटेग्रॅविर त्या लोह-कॅल्शियमला चिकटून बसतं, रक्तात पुरेसं जातच नाही. एक तर जेवणासोबत सगळ्या एकत्र घ्या, नाहीतर टीएलडी त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा लागतं, तेही असंच निसटतं. हे सगळं ट्रेनिंगच्या स्लाइडवर असतं हो, पण स्लाइड मार्चमध्ये बघितलेली असते आणि बाई ऑगस्टमध्ये येते.

म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वारी एक तास, मोबाइलवर व्हिडिओ कॉल, एका बाजूला कॉलेजचे मेडिसिन, फार्मॅक (औषधशास्त्र), मायक्रो (जंतुशास्त्र), पीएसएमचे (सामाजिक आरोग्याचे) लोक, दुसऱ्या बाजूला तुमच्यासारखी दहा सेंटरं, आणि केस तुमची, त्यांचं लेक्चर नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सीसाठी हेच सुरू केलं, एको म्हणतात त्याला. खर्च कमी, पण दोन अटी आहेत. एक, कॉलवर कुणी कुणाला झापायचं नाही. दुसरी जास्त अवघड, हे जुळवणारा एक माणूस पक्क्या पगारावर हवा. अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस शिकतो आणि दुसरीकडे जातो, मी हे इतक्या वेळा बघितलंय की मोजायचं सोडलं.

अजून एक, पीजीच्या पोरांचे थिसिस. द्राक्षाच्या छाटणीला सुरगाणा-पेठची माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांवर उतरतात, गोळ्यांची तारीख हुकते, रजिस्टरवर शेरा पडतो एलएफयू, म्हणजे पेशंटचा संपर्क तुटला. एखाद्या पोराने तीन वर्षांच्या हुकलेल्या तारखा छाटणीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघाव्यात. जुळल्या, तर निघण्याआधीच तीन महिन्यांच्या गोळ्या द्या नाहीतर बागेजवळच्या लिंक सेंटरला (एआरटी सेंटरला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) जोडून द्या, निम्मी फोनाफोनी वाचेल. तुम्ही एवढंच करा, अडलेल्या तीन केसेस नाव, नंबर, गाव काढून लिहा (२०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे, कॉलवरसुद्धा), तुमच्या मेडिकल ऑफिसरांची सही घ्या, डापकूमार्फत (जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकामार्फत) कॉलेजच्या मेडिसिन विभागाला पाठवा. "सहकार्य मिळावे ही विनंती" असल्या अर्जाला फाइल मिळते, केसला उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : मुलगा एमबीबीएसला आहे, एचआयव्हीच्या पेशंटचं रक्त काढायचं म्हणून घाबरलाय. पोस्टिंग बदलून मागू का?
– एक वडील, पंचवटी

उत्तर : नका मागू. उद्या तो सिन्नरला पीएचसीत बसला तर तिथे पोस्टिंग कोण बदलणार? सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता हजारात तीनच्या आसपास, आणि त्यावरही औषध आहे. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, चोखायची तर नाहीच, आणि पीईपी (संसर्ग टाळायची औषधं) लवकरात लवकर, जमलं तर दोन तासांत, ७२ तासांच्या पुढे नाही, मग २८ दिवस. त्याला फक्त एक विचारायला सांगा, आपल्या वॉर्डात पीईपीची औषधं कुठल्या कपाटात असतात आणि रात्री किल्ली कुणाकडे असते.