कॉन्सेप्ट आर्टचं पुस्तक स्वतःच छापायचं तर मुंबईत काय काय बघावं लागतं?

तुमचा प्रश्न असा: ॲनिमेशन आणि गेमसाठी केलेल्या कॉन्सेप्ट आर्टमधून (पात्रं आणि दृश्यं कशी दिसतील ते ठरवणारी चित्रं) 160 पानांचं, आडवं, पुठ्ठाबांधणीचं पुस्तक काढायचंय, 300 प्रती पुरेत, तर हे परवडेल का आणि कुठे अडेल? माझं उत्तर: काढा, पण छापखान्यात सगळ्यात शेवटी जा. आधी चित्रांची मालकी, मग चित्रांचा उजेड, मग आकार. बहुतेक जण कोटेशनपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

मालकीचं थोडक्यात. पगारावर असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार मालकाचं, वेगळा करार नसेल तर. फ्रीलान्सरही सुटत नाही: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं पेंटिंग, उलट करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचं ठरतं. स्टुडिओने नापास केलेली चित्रंही यातच आली. परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात मुदत व प्रदेश दोन्ही लिहून घ्या. लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो.

ही नापास चित्रंच खरं तर पुस्तकाची जान आहेत. पूर्ण रंगवलेली फ्रेम लोकांनी फोनवर फुकट पाहिलेली असते, तिच्यासाठी कोण पैसे मोजणार? एका पानावर राक्षसाच्या बारा काळ्या आकृत्या, त्यातल्या अकरांवर काट, शेजारी पेन्सिलीत ‘मान फार लांब, रिगिंगला जमणार नाही’ (रिगिंग म्हणजे पात्र हलवण्यासाठी आत सांगाडा बसवणं), आणि उजव्या पानावर बाराव्या आकृतीचं पुढे काय झालं ते. असं पान उघडलं की माणूस पुस्तक खाली ठेवत नाही. माझ्या मते पूर्ण रंगवलेल्या चित्रांना एक तृतीयांशाहून जास्त पानं देऊ नयेत.

आता मुख्य अडचण. हे काम पडद्यासाठी केलेलं असतं आणि पडद्याला मागून उजेड असतो. कागदाला नसतो. निऑन हिरवा, विजेचा निळा, जादूच्या गोळ्याची चमक हे रंग छपाईच्या चार शाईंत (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) मुळी येतच नाहीत. फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपला छापखान्याने दिलेलं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल, लावा (कोटेड म्हणजे लेप दिलेल्या कागदासाठी बऱ्याचदा फोग्रा 39 नावाचं चालतं) आणि गॅमट वॉर्निंग, म्हणजे शाईत न येणारे रंग दाखवणारी सोय, चालू करून प्रत्येक चित्र बघा. जिथे करडे डाग दिसतील तिथे सॅच्युरेशन स्वतः उतरवा. मशीनवर सोडलंत तर त्या भागातला छटांमधला फरक सपाट होतो. रात्रीच्या दृश्यांचा प्रश्न वेगळा. छपाईत शाईचा ठिपका पसरतो, त्यामुळे सावलीतला तपशील बुजतो. गुहेतला योद्धा पडद्यावर स्पष्ट दिसतो आणि कागदावर नुसती काळी गुहा उरते. फोटोशॉपच्या कर्व्ह्जमध्ये खालचा, म्हणजे गडद भाग उचला, आणि मॉनिटरचा ब्राइटनेस 100 कँडेलाच्या (दर चौरस मीटरला) आसपास आणूनच निर्णय घ्या. गडद भागात चारही शाईंची (प्रत्येकी कमाल 100 टक्के) बेरीज 300 टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर उतरते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत.

रिझोल्यूशनचं गणित आधी करा. 11 बाय 8.5 इंचाच्या आडव्या पानाला 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून 300 पीपीआयला (दर इंचाला पिक्सेल) साधारण 3372 बाय 2622 पिक्सेल लागतात. 4के चित्राची उंची 2160, म्हणजे पूर्ण पानावर 247 पीपीआय. रंगवलेल्या कामाला हे चालून जातं. तेच चित्र जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, ताणलं तर 173 च्या आसपास येतं आणि ब्रशचे फटकारे दुधाळ दिसतात. 1920 रुंदीची जुनी कामं साडेसहा इंचांपेक्षा मोठी छापू नका.

मग आकार. इथे तुमच्या आडव्या पुस्तकाला आणि 300 या आकड्याला एकमेकांचं वावडं आहे. इतक्या कमी प्रतींना डिजिटल छपाई स्वस्त पडते, पण बहुतेक डिजिटल मशीनचा कागद 13 बाय 19 इंची. तुमचं जोडपान 22 इंच. ते एका कागदावर बसत नाही, म्हणजे सुटी पानं गोंदाने चिकटवणं आलं. अशा बांधणीत पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतले आठ-दहा मिलिमीटर कणा गिळतो. उभं 8.5 बाय 11 केलंत तर जोडपान 17 इंचांचं होतं, तेवढ्याच कागदावर बसतं आणि शिलाईही करता येते. आडवंच हवं असेल तर ऑफसेट: 25 बाय 36 च्या कागदावर 16 पानांचा फर्मा (एक कागद छापून, दुमडून होणारा पानांचा गठ्ठा), 160 पानांचे 10 फर्मे, प्रत्येकी 8 (चार रंग, दोन बाजू) याप्रमाणे 80 प्लेट, म्हणजे छपाईचे पत्रे. प्लेट 300 प्रतींना तेवढ्याच आणि 1000 ला तेवढ्याच. शिवाय रंग जुळेपर्यंत दर फर्म्याला शेकड्याच्या घरात कागद वाया जातो. म्हणून 500 च्या खाली ऑफसेटचा हट्ट धरू नका असं मी सांगेन. 300 वरच थांबायचं असेल तर पुस्तक उभं करा.

शिलाईच्या पुस्तकात सलग कागद फक्त फर्म्याच्या मधल्या जोडपानाला मिळतो. बाकी जोडपानांचे दोन अर्धे वेगवेगळ्या जागी छापले जातात आणि रंगात थोडा फरक पडतोच. 16 च्या फर्म्यात ती मधली पानं 8-9, 24-25, 40-41 अशी येतात. सगळ्यात मोठी दृश्यं तिथे टाका, आणि चेहरा घडीवर कधीच नको. आडव्या आकाराची 16 पानी घडी काही ठिकाणी जमत नाही, ते 8 ची करतात. मग हे आकडे बदलतात, म्हणून मांडणीआधी बायंडरला विचारा आणि त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या.

कागद 150 ते 170 जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) मॅट आर्ट. मॅटवर गडद पानं हाताळली की पांढरट ओरखडे दिसतात, म्हणून वर ॲक्वियस कोटिंग (पाण्यावर आधारित संरक्षक लेप) मागा. पेन्सिल स्केचेससाठी एक पूर्ण फर्मा नॅचरल शेडच्या अनकोटेड कागदावर एका रंगात घेतला तर खर्च उतरतो आणि स्केच जास्त खरं वाटतं. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा. आडवा असेल तर पानं लाटांसारखी उठतात, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे हमखास होतं. पावसाळ्यात शाई आणि गोंद दोन्ही सावकाश वाळतात. पुठ्ठे चिकटवल्याबरोबर श्रिंक रॅप केले की आत ओल राहते, पुठ्ठा वाकतो, बुरशीही धरते. बांधणी शक्यतो दिवाळीनंतर ठेवा.

छापखाना लोअर परळचा असो वा तुर्भ्याचा, पहिला फर्मा लागेल तेव्हा मशीनपाशी उभं राहा. ताव 5000 केल्व्हिनच्या दिव्याखाली प्रूफशी (आधी मंजूर केलेल्या नमुन्याशी) ताडून बघा, शेडमधल्या ट्यूबखाली नको. शाईचं नियंत्रण तावाच्या पट्ट्यांनुसार असतं. एकाच पट्टीत वर निळी रात्र आणि खाली चेहऱ्याचं क्लोजअप आलं, तर निळा वाढवताना चेहराही आजारी दिसू लागतो. कुठली पानं एका पट्टीत येतात याचा नकाशा ऑपरेटरकडून आधीच मागून घ्या, तो देतो.

पैशांचं: वितरक सर्वसाधारणपणे 40 ते 50 टक्के घेतात, त्यामुळे किंमत छपाईखर्चाच्या चौपट तरी हवी. नाहीतर प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करून थेट विका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण त्यामुळेच कागद-छपाईवर भरलेला जीएसटी परतही मिळत नाही. असं पुस्तक साधारण सव्वा किलोच्या आत बसतं, 300 प्रतींचा ढीग 330 किलोंच्या घरात. कुरिअरचा खर्च आणि घरातली कोरडी जागा दोन्ही आधी बघा.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) भारतात मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन करा, पण मुखपृष्ठ छापायला जाण्याच्या बरंच आधी. आणि 300 मधून चार प्रती बाजूला काढा: 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, दिल्ली, मुंबई इथल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने द्यावी लागते. मुंबईची प्रत फोर्टमधल्या टाउन हॉलमध्ये, मध्यवर्ती ग्रंथालयात.