दर महिन्याला बजेट करूनही जूनमध्ये आणि दिवाळीत ते का मोडतं?

तुम्ही लिहिलंय की पगार हातात ५५ हजार येतो, घराच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ५० हजारांत बसतो, ५ हजार शिल्लक पडतात, आणि तरीही जूनमध्ये नि दिवाळीत क्रेडिट कार्ड वापरावं लागतं. नेमकं कुठे चुकतंय, असा तुमचा प्रश्न आहे.

मी एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाचं काम पाहते. मे संपत आला की आणि दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे गर्दी वाढते. बांगड्या, गंठण घेऊन येणारी ही माणसं उधळी अजिबात नसतात. कित्येकांच्या घरी हिशेबाची वही असते, दुधाचा खाडाही त्यात मांडलेला असतो. कर्ज कशासाठी विचारलं तर उत्तर येतं: मुलांची फी. हा खर्च तर वर्षभर आधी माहीत होता! पण वहीत महिन्याचीच पानं असतात, आणि जो खर्च दर महिन्याला येत नाही त्याला त्यात कुठेच जागा मिळत नाही.

तुमचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून दोन मुलांच्या घराचा एक अंदाज मांडते. शाळेची फी ४५ हजार. वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तरं ११ हजार. आरोग्य विमा २० हजार. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५ हजार. घरपट्टी ६ हजार. उन्हाळ्यात भरायचं वर्षाचं धान्य आणि मसाला १४ हजार. गणपती आणि दिवाळी १८ हजार. गावी जाणं-येणं, लग्नकार्यांतले आहेर १३ हजार. बेरीज १ लाख ३२ हजार, म्हणजे महिन्याला ११ हजार.

आता तुमच्या वहीशी ताडून पाहा. महिन्याला ५ हजार म्हणजे वर्षाची बचत ६० हजार. वर्षाचे खर्च १ लाख ३२ हजार. मधले ७२ हजार कार्डावर चढतात, नाहीतर दागिन्यांवर. म्हणजे घर चालवायला तुमच्या हातात ५५ नाही, ४४ हजारच आहेत. हा आकडा पहिल्यांदा पाहिला की धस्स होतं, पण बजेट त्याच्यावरच बसवायला हवं.

यादी आठवून करू नका, काहीतरी सुटतंच. बँकेचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि मोठ्या रकमांवर खुणा करा. मग न आठवणाऱ्या गोष्टी सापडतात. उदाहरणार्थ, महावितरणचं अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल. उन्हाळ्याच्या सुमारास ते नेहमीच्या बिलापासून वेगळं येतं आणि बहुतेकांना अनपेक्षित वाटतं. विम्याचा आकडाही जुन्या पावतीवरून उचलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, पण वयाप्रमाणे मूळ हप्ता वाढतो, तेव्हा नवा आकडा विचारून घ्या.

हे ११ हजार पगाराच्या खात्यात ठेवू नका, तिथे ते दिसत राहतात आणि संपतात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील असं दुसरं बचत खातं उघडा, किंवा जूनला नि दिवाळीआधी मुदत संपेल अशी दोन आवर्त ठेव खाती (आरडी). मी पतसंस्थेत असूनही सांगते, फीचे पैसे विमा संरक्षण असलेल्या बँकेत ठेवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

५० हजारांवरून ४४ वर यायचं म्हटलं की पहिली कात्री किराण्याला लागते. ते टाळा. भाजी, दूध, फळं कमी केलेलं बजेट टिकत नाही. चौथ्या आठवड्यात बाहेरून जेवण मागवलं जातं आणि वाचलेलं सगळं तिथेच जातं. तुमच्या वहीत 'किरकोळ' किंवा 'इतर' असा रकाना असेल तर तो आधी उघडा. यूपीआयवरून गेलेले पन्नास-शंभर रुपये तिथेच लपलेले असतात, आणि कुणी बघत नसलेल्या मासिक वर्गण्याही.

दुसरं, ही कपात एकट्याने ठरवू नका. नवऱ्याने आकडे ठरवायचे आणि बायकोने त्यात घर भागवायचं, किंवा याच्या उलट, अशा घरांत मी लपवून घेतलेली कर्जं पाहिली आहेत. फार वाईट वाटतं तेव्हा. दोघांनाही दर महिन्याला थोडे, अगदी हजार रुपये का होईना, असे मिळायला हवेत की ज्यांचा हिशेब कुणी विचारणार नाही.

कार्डावर आधीची थकबाकी असेल तर किमान रक्कम भरून महिना ढकलू नका. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर २० हजारांवर ७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ही थकबाकी आधी फेडा, तोवर नवी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) वगैरे थांबली तरी चालेल.

पहिल्या वर्षी पैसे पुरणार नाहीत, हे आत्ताच धरून चाला. ऑक्टोबरमध्ये सुरुवात केलीत तर जूनपर्यंत आठ महिन्यांचे ८८ हजार जमतात, पण मधल्या काळात दिवाळी, विमा, धान्य त्यातूनच जाणार. ती तूट बोनसमधून भरा. बोनस मिळत नसेल तर शाळेत फीचे हप्ते पाडून मिळतात का ते एप्रिलमध्येच विचारा. जूनमध्ये विचारलं तर शाळेलाही फारसं काही करता येत नाही.