कॉर्सेअर खेळणार आहेस? मग आधी परवाना ठरव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवत खेळायच्या खेळात पहिल्यांदाच कॉर्सेअरचं पात्र घेतोयस, म्हणून सांगतो: तो नुसता समुद्री चाचा नसतो. त्याच्याकडे कुठल्यातरी राजाचा परवाना असतो, शत्रूची जहाजं लुटायची मुभा असते, आणि लुटीतला वाटा वर पोचवावा लागतो. म्हणून पात्र लिहिण्याआधी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, विचार, परवाना कोणाचा? उद्या तह झाला तर? तुझ्या पात्राची खरी घालमेल तिथेच सुरू होते. आपल्या कान्होजी आंग्र्यांचंच बघ. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख; त्यांचं दस्तक (परवाना) नसलेलं जहाज ते पकडायचे, आणि इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. एकच माणूस, दोन बंदरांत दोन नावं. हे खेळायला फार मजा येते.

लुटीची वाटणीही आधीच ठरव. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा नुसताच समुद्री चाचा, त्याच्याकडे परवाना नव्हता, पण त्याच्या जहाजावरचे नियम उचलण्यासारखे आहेत: कप्तान आणि क्वार्टरमास्टरला (कप्तानाखालोखालच्या अधिकाऱ्याला) दोन-दोन हिस्से, तोफखान्याच्या प्रमुखाला दीड, रात्री आठला दिवे बंद. त्यानंतर प्यायचं असेल तर उघड्या डेकवर जायचं.

आवाज बदलून ओरडत बसू नकोस, दहा मिनिटांत सगळे कंटाळतात. त्यापेक्षा पात्राचे हात वर्णनातून दाखव. ओल्या दोराने सोललेला तळवा, नखांत अडकलेलं डांबर. शीड, सुकाणू, डोलकाठी, तांडेल (खलाशांचा म्होरक्या) हे शब्द सहज बोलण्यात येऊ देत. आणि पहिल्याच सत्रात जहाजावरच्या एकाचं तरी देणं लागत असशील, असं डीएमशी बोलून ठेव.