शिष्यवृत्तीवर शिकत असताना संगणकशास्त्रात ऑनर्स करावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला आहे, शुल्काचा मोठा भाग शिष्यवृत्तीतून भागणार आहे, ती चालू राहण्यासाठी दर वर्षी ठरावीक सरासरी राखावी लागणार आहे, आणि अशा स्थितीत अवघड विषय आणि स्वतःच्या संशोधनाचा प्रबंध असलेला ऑनर्स अभ्यासक्रम निवडावा की नाही, हे ठरत नाही. मी स्वतः शिष्यवृत्तीवर ऑनर्स केले आणि पुढे बरीच वर्षे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना मार्गदर्शन केले, त्यामुळे उत्तर आधीच सांगतो. एखाद्या प्रश्नाचा सलग काही महिने पिच्छा पुरवण्याची ओढ असेल, तर ऑनर्स जरूर करा. प्रमाणपत्रावर एक शब्द वाढावा एवढाच हेतू असेल, तर तोच वेळ मूळ विषय पक्के करण्यात घालवणे अधिक हिताचे आहे.

आधी तुमच्या विद्यापीठात ऑनर्सची रचना कशी आहे ते पाहा, कारण ती सगळीकडे सारखी नसते. ऑस्ट्रेलियात बहुधा तीन वर्षांच्या पदवीनंतर ऑनर्सचे वेगळे वर्ष असते, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांच्या पदवीतच ते धरलेले असते, तर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत नेहमीच्याच चार वर्षांत निवडक विद्यार्थ्यांसाठी वेगळे वर्ग आणि शेवटी प्रबंध असतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी ऑनर्स मिळते, आणि संशोधनासह ऑनर्स हवे असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. हा फरक थेट पैशाशी जोडलेला आहे: शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर असेल आणि ऑनर्स चौथ्या वर्षी असेल, तर त्या वर्षाचा खर्च कोण उचलणार, याचे उत्तर लेखी हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता अवघड विषयांबद्दल. सरासरी घसरेल या धास्तीने विद्यार्थी अल्गोरिदमचे (प्रश्न सोडवण्याच्या ठरावीक पायऱ्यांचे) विश्लेषण, ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी प्रणाली) यांसारखे विषय टाळतात आणि सोप्या विषयांतून गुण गोळा करतात. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण पदवीचा खरा कस त्याच विषयांत आहे. एक उदाहरण देतो. क्रमवार लावलेल्या यादीत एखादी संख्या शोधण्यासाठी यादीचा मधला घटक पाहायचा आणि निम्मी यादी सोडून द्यायची, ही बायनरी सर्चची पद्धत पहिल्याच वर्षी शिकवली जाते. मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला २ ने भागतात. वरवर पाहता यात चुकण्यासारखे काहीच नाही. मात्र संगणक पूर्णांक ठरावीक जागेत साठवतो, आणि ३२ बिटांच्या (० किंवा १ अशा ३२ अंकांच्या) चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही दाखवणाऱ्या, पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादी पुरेशी मोठी असली की बेरीज त्या मर्यादेपलीकडे जाते, उत्तर ऋण येते आणि प्रोग्रॅम कोसळतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात) हा दोष कित्येक वर्षे कुणाच्या लक्षात आला नव्हता, आणि २००६ मध्ये संगणक अभियंते जोशुआ ब्लॉक यांनी तो जाहीरपणे मांडला. उपाय एका ओळीचा आहे: वरच्या टोकातून खालचे टोक वजा करायचे, त्या फरकाच्या निम्म्यात खालचे टोक मिळवायचे. गणिती सिद्धता आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यातली अशी फट ओळखण्याची नजर या अवघड विषयांतूनच तयार होते.

म्हणून विषय टाळू नका, त्यांची वाटणी करा. ऑपरेटिंग सिस्टीम आणि कंपायलर या दोन्हींचे प्रात्यक्षिक काम आठवडेच्या आठवडे खाते. ते एकाच सत्रात घेऊ नयेत. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स (तर्क, संच, आलेख यांचे गणित) आणि डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवण्याच्या रचना) मात्र जितक्या लवकर होतील तितके बरे, कारण पुढचे जवळजवळ सगळे त्यांच्यावर उभे आहे.

ऑनर्सचा गाभा म्हणजे प्रबंध. मोठा विषय निवडला की काम मोठे होते, असा विद्यार्थ्यांचा समज असतो आणि माझा अनुभव नेमका उलट आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी आपल्या वर्गाला अंतिम परीक्षा किंवा एक निबंध असा पर्याय दिला होता. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध निवडला, आणि दिलेल्या चिन्हांसाठी सरासरीने सर्वांत कमी लांबीचे, ० आणि १ यांचे संकेत कसे तयार करायचे हा प्रश्न सोडवला; १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली ती पद्धत आजही झिप आणि जेपीईजी फाइलींमध्ये वापरली जाते. तसे यश क्वचितच कुणाच्या वाट्याला येते, पण प्रश्नाचा आकार पाहा: तो एका वाक्यात मांडता येतो आणि उत्तर बरोबर की चूक हे तपासता येते. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा आरोग्यसेवेत वापर’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. ‘मोजमापांत काही नोंदी गहाळ असतील तर अमुक पद्धतीची अचूकता किती घटते’ हा होऊ शकतो.

शिष्यवृत्तीच्या अटी वाचताना सरासरीच्या आकड्यावर थांबू नका. सरासरी दर सत्राला पाहतात की वर्षाला, एकदा खाली आल्यास सावरण्याची मुदत मिळते का, दर सत्रात किमान किती श्रेयांक (क्रेडिट) घ्यावे लागतात, आजारपणात किंवा इंटर्नशिपसाठी सत्र सोडल्यास रक्कम थांबते का, दुसरी शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिलीतून तेवढी रक्कम कापली जाते का, आणि पदवीनंतर ठरावीक काळ नोकरीचे बंधन आहे का, हे सगळे विचारा. किमान श्रेयांकांची अट विशेष महत्त्वाची आहे, कारण प्रबंधाच्या वर्षी इतर विषय कमी घ्यावेसे वाटतात आणि नेमके तिथेच विद्यार्थी अडकतात.

नव्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा असेल, तर लहानपणापासून संगणकाची आवड होती हे वाक्य लिहू नका; मी निवड समितीवर असताना ते बहुतेक अर्जांत असे, आणि त्यातून अर्जदाराविषयी काहीच कळत नसे. केलेले एक काम घ्या, त्यात काय अडले, कोणते दोन मार्ग होते आणि त्यांतला एक का निवडला ते लिहा. शिफारसपत्र अशा प्राध्यापकांकडून घ्या ज्यांना तुमचे काम माहीत आहे, आणि मुदतीच्या निदान महिनाभर आधी मागा. मार्गदर्शकही असाच वेळेआधी शोधावा लागतो: प्रबंधाच्या आदल्या सत्रातच त्यांचे अलीकडचे एक-दोन शोधनिबंध वाचून, न समजलेली जागा नेमकी दाखवून बोलायला जा; माझ्याकडे असे आलेल्या विद्यार्थ्याला मी सहसा नकार दिलेला नाही.